उजव्या गालाची फिल्म

बाबा इंदूरहून परत आले त्या दिवशी दार मीच उघडलं. प्रवासातून आलेल्या माणसाला आधी पाणी विचारावं, हातातलं सामान घ्यावं, एवढी रीत मला होती. पण मी पहिल्यापासून तोंडाळ. माझ्या तोंडून निघालं, "अगं बाई! बाबा, डोळ्याला काय झालं तुमच्या?"

"आत तर येऊ दे त्यांना!" आई स्वैपाकघरातून ओरडली.

बाबांनी ट्रंक खाली ठेवली, तिच्यावर पगडीचा डबा ठेवला आणि हातपाय धुवायला न्हाणीत गेले. मी तिथेच उभी. त्यांचा उजवा डोळा डाव्यापेक्षा खाली होता आणि आत गेला होता. वरच्या पापणीवर एक खोल खळगा पडला होता, आणि त्या बाजूचा गाल चपटा दिसत होता. मी अठरा वर्षांची होते, कॉलेजात इंटरला. माणसाचा चेहरा एका बाजूने असा खचू शकतो हे मला माहीत नव्हतं.

आम्ही ग्वाल्हेरला, शिंदे की छावनीत दोन खोल्यांत राहायचो. आमचे पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून इकडे आले. तलवार आजोबांपर्यंत टिकली, बाबांच्या हातात लेखणी आली. ते महसूल खात्यात कारकून. संस्थान विलीन होऊन मध्यभारत झालं तेव्हा त्या राज्याला दोन राजधान्या मिळाल्या. हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. त्यामुळे दरवर्षी दप्तरं, कपाटं आणि कारकून असं सगळं लटांबर इंदूरला जायचं आणि पावसाळा सरला की परत यायचं. बाबा वर्षातले पाच-सहा महिने आमच्या डोळ्यांआड. आता तर मध्यभारतही मोडायचं ठरलं होतं. एक नोव्हेंबरला नवा मध्यप्रदेश होणार, राजधानी भोपाळ, आणि बाबांना तिथे हजर होण्याचा हुकूम आला होता.

संस्थान जाऊन आठ वर्षं झाली तरी बाबांनी पगडी सोडली नव्हती. आमच्याकडची ती पगडी तिरकी घालायची असते, आणि बाबांची अंमळ जास्तच तिरकी. उजवी भुवई तिच्याखाली झाकलेली, उजवा डोळा सावलीत. घरात पगडी उतरली तरी संध्याकाळ झालेली असायची, कंदिलाच्या उजेडात कोण कुणाचा डोळा निरखून बघतो? आणि तसंही आमच्या घरात बापाच्या चेहऱ्याकडे टक लावून बघायची पद्धत नव्हती. त्या वर्षी इंदूरला एका नव्या साहेबाने हसत हसत म्हटलं म्हणे, "पंडितजी, भोपाल में ये सर्कस नहीं चलेगा." बाबांनी दुसऱ्या दिवशी पगडी डब्यात ठेवली. म्हणून त्या दिवशी दारात, दुपारच्या उन्हात, त्यांचा अख्खा चेहरा मला पहिल्यांदा दिसला.

आणि मग आम्ही सगळ्यांनी मिळून जो मूर्खपणा केला तो फक्त आम्हीच करू जाणे. आम्ही ठरवलं की हे पगडीमुळे झालं. आई म्हणाली, मनाला लागलंय त्यांच्या, दुसरं काही नाही. शेजारचे म्हातारे सुभेदार फौजेतून निवृत्त झालेले, ते ओट्यावर बसून सांगायचे, "अरे, राज गेलं, पगडी गेली, मग तोंडावरची रया राहील कशी? हमारे भी गाल बैठ गये." त्यांचे गाल दात पडल्यामुळे बसले होते, पण ते कोण त्यांना सांगणार! आईने मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या, बदामाचा शिरा केला. मीही विश्वास ठेवला. दुःखाने माणूस खंगतो हे मी ऐकलं होतं, आणि दुःखाला औषध नसतं म्हणून डॉक्टरकडे जायचंही कारण नव्हतं.

असे आठ-दहा दिवस गेले. मग एका सकाळी बाबा माठातून तांब्या भरून, मान न वळवता, माझ्या पेल्यात पाणी ओतायला लागले आणि सगळं पाणी पेल्याच्या बाजूला, जमिनीवर. त्यांनी पटकन इकडेतिकडे पाहिलं, आईने पाहिलं तर नाही ना. मी पाहिलं होतं.

"बाबा, खरं सांगा. दोन पेले दिसतात का तुम्हाला?"

"वर किंवा बाजूला बघितलं की. सरळ बघितलं की एकच."

"केव्हापासून?"

"झाले असतील सहा महिने. आईला बोलू नकोस."

दुःखाने माणसाला एकाचे दोन दिसत नाहीत, एवढी अक्कल मला होती. त्याच दिवशी मी त्यांना टांग्यात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. ते "कशाला, कशाला" करत होते. मी म्हटलं, "चला म्हटलं ना, नाहीतर आत्ता ओरडून आईला सांगते." तेव्हा मुकाट्याने बसले.

दवाखान्यात कान-नाक-घसा बघणारे एक सर्जन होते, उत्तरेकडचे, कामात वाघ आणि बोलायला काटेकोर. त्यांनी बाबांचा गाल दाबला, तोंडात बॅटरी मारली, नाकात चिमटा घालून पाहिलं.

"दर्द होता है?"

"नहीं, साहब."

"बुखार? नाक से खून?"

"कुछ नहीं, साहब."

"दर्द नहीं होता, यही तो खराब बात है," ते म्हणाले, आणि चिठ्ठी लिहिली. एक्सरे.

एक्सरेची खोली तळघरासारखी होती. खिडक्यांना काळे पडदे, औषधांचा आंबट वास. खोलीचे डॉक्टर रजेवर होते, मशीन चालवणारा एक मदतनीस तेवढा होता. भिंतीशी एक प्लेट उभी टांगलेली, तिच्यापुढे स्टूल. तो म्हणाला, "चेहरा प्लेट पे लगाइए और हिलिए मत," आणि आडोशामागे गेला. मी दारातून बघत होते. बाबांनी बटणं नीट लावली, प्लेटीपुढे बसले आणि मान खाली घालून कपाळ टेकवलं. दरबारात मुजरा करून उभं राहायची सवय अंगात मुरलेली. हलू नका म्हटल्यावर ते हलले नाहीत. फिल्म निघाली.

सर्जनसाहेबांनी ती ओलीच खिडकीच्या उजेडात धरली. खूप वेळ बघत राहिले. मग मला म्हणाले, "घर में कोई बड़ा आदमी नहीं है?"

"मैं हूँ," मी म्हटलं.

त्यांनी सांगितलं ते मी आज मराठीत लिहिते आहे, पण माझ्या कानात ते अजून हिंदीतच आहे. गालाच्या हाडात एक पोकळी असते, ती उजवीकडे भरलेली आहे. हाड खाल्लेलं दिसतंय. डोळ्याखालचं हाड गेलं म्हणून डोळा खाली आला. गाठ आहे, आणि वाईट जातीची आहे. उजवा वरचा जबडा, अर्धी टाळू आणि डोळा, सगळं काढावं लागेल. नाही काढलं तर वर्षही काढणार नाहीत. त्यांची स्वतःची बदली जबलपूरला झाली होती, नवीन राज्यात सगळ्यांच्याच बदल्या चालल्या होत्या. जायच्या आधी, येत्या गुरुवारी, ऑपरेशन करून टाकतो, म्हणाले. त्यानंतर हे करणारा माणूस इथे कधी येईल याचा नेम नाही.

आणि माझ्या बाबांनी काय करावं? टेबलावरचा संमतीचा कागद घेतला, खिशातून स्वतःचं पेन काढलं, आणि दरमहा पगारपत्रकावर करायचे तशी लफ्फेदार सही करून कागद दोन्ही हातांनी परत दिला. वाचलासुद्धा नाही. माझं डोकं असं भडकलं! टांग्यात बसल्यावर मी त्यांना नाही नाही ते बोलले.

"एक प्रश्न तरी विचारायचा होता!"

"हुकुमाला का म्हणून विचारायचं नसतं, बाळ."

"हा हुकूम नाही बाबा, हा तुमचा डोळा आहे!"

जयेंद्रगंजच्या चौकात टांगा भाजीच्या हातगाड्यांत अडकला. दिवाळी तोंडावर होती, पणत्यांचे ढीग मांडलेले. तेवढ्यात बाबा अगदी हळू म्हणाले, "अर्धी टाळू काढल्यावर बोललेलं लोकांना कळतं का गं? आणि पोळी खाता येते?" त्यांना भीती वाटते आहे हे मला तेव्हा कळलं, आणि माझी सगळी चीड गळून गेली. मी त्यांचा हात धरला. असा हात मी लहानपणानंतर पहिल्यांदाच धरला होता.

आईला सांगितलं तेव्हा तिने हातातली भाजी तशीच निवडून संपवली. मग म्हणाली, "आणि मी बदामाचा शिरा करत बसले." त्या रात्री ती जेवली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. बाबांकडे ती बघेनाशी झाली. ताट वाढायची, पाण्याचा तांब्या ठेवायची, पण मान खाली. मी एकदा ओरडले तिच्यावर, "अगं, बघ तरी त्यांच्याकडे!" ती म्हणाली, "आता बघितलं तर तोच चेहरा आठवत राहील. नंतर मला सवय कशी करून घेता येईल?" मला ते क्रूर वाटलं. आज वाटत नाही.

सोमवारी मी फिल्म आणायला दवाखान्यात गेले. ऑपरेशनच्या कागदांना ती जोडायची होती. एक्सरेचे डॉक्टर रजेवरून आले होते. वयस्क, मराठीच, बारीक अंगाचे, गळ्यात लाल काचांचा चष्मा लटकलेला. अंधारात काम करायच्या आधी डोळ्यांना सवय व्हावी म्हणून ते तो घालायचे. पेटीतल्या दिव्यावर त्यांनी एक फिल्म लावली होती आणि तिच्याकडे वाकडी मान करून बघत होते.

"ही तुझ्या कोणाची?"

"वडिलांची."

"हे नमस्कार करत होते का?"

मला वाटलं थट्टा करतायत. मी म्हटलं, "डॉक्टर, गुरुवारी त्यांचा डोळा काढणार आहेत. थट्टा दुसऱ्या कुणाची करा."

ते वळले. "थट्टा नाही करत. फिल्म काढताना त्यांनी मान खाली घातली होती का?"

"हो. कपाळ टेकवलं होतं."

"आणि थोडी तिरकी. वाटलंच." त्यांनी बोट ठेवलं. "कवटीच्या बुडाशी एक जाड हाड असतं. मान खाली घातली की ते नेमकं गालाच्या पोकळीवर येऊन बसतं. खालचं काही धड दिसत नाही. इथे हाड खाल्लेलं आहे असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. नाही असंही म्हणणार नाही. वडिलांना आण. आजच."

मी धावतच घरी गेले. बाबा म्हणाले, "पण साहेबांचा निर्णय झालाय." मी म्हटलं, "हा दुसऱ्या साहेबांचा हुकूम आहे." तेव्हा उठले. काय करणार, त्यांना हीच भाषा कळायची.

ह्या वेळी डॉक्टरांनी स्वतः त्यांना प्लेटीपुढे बसवलं. "हनुवटी टेकवायची. नाक प्लेटीपासून दोन बोटं लांब. मान वर."

बाबांनी मान जराशी उचलली.

"आणखी वर."

पुन्हा जराशी. कितीही सांगितलं तरी नजर खाली यायची आणि नजरेमागून मान. "आपल्यासमोर असं..." बाबा पुटपुटले.

"अहो, मी साहेब नाही, फोटोग्राफर आहे," डॉक्टर म्हणाले. "वर बघा. छताशी भांडण आहे तुमचं असं समजा. हां. आता श्वास रोखा."

बाबांनी श्वास रोखला. मशीन घुमलं, थांबलं. डॉक्टर प्लेट घेऊन अंधाऱ्या खोलीत गेले. थोड्या वेळाने मी बघते तर बाबा तसेच, तोंड लाल झालेलं, गळ्याच्या शिरा टरारलेल्या. श्वास सोडा असं कुणी सांगितलंच नव्हतं! "बाबा, घ्या श्वास!" मी किंचाळले. मला हसूही आलं आणि रडूही.

फिल्म धुऊन, चिमट्यात अडकवून डॉक्टर बाहेर आले. दिव्यावर लावली. मला जवळ बोलावलं. बाबांना बाहेरच बसायला सांगितलं.

"फिल्मवर हवा काळी दिसते," ते म्हणाले. "हा डावा गाल. ही काळी तिकोनी जागा, ही पोकळी. तुझ्यामाझ्या सगळ्यांच्या गालात असते. आता उजवीकडे बघ."

उजवीकडे काळं काही नव्हतं. पांढुरकं, आणि लहान. डावीकडच्या जागेच्या निम्मंसुद्धा नाही.

"भरली आहे ना?" मी विचारलं. "म्हणजे गाठच ना?"

"भरली आहे. पण कड बघ. सगळीकडून बघ, घाई करू नकोस. कुठे तुटलीय?"

मी बघितलं. कड बारीक होती, पण अखंड होती. फक्त आत वळली होती, सगळ्या बाजूंनी. वरची कड, जिच्यावर डोळा टेकलेला असतो, ती खाली झोळीसारखी आली होती.

"गाठ वाढते तेव्हा भिंती फोडते, बाहेर ढकलते. डोळासुद्धा बाहेर यायला हवा. तुझ्या वडिलांचा आत गेलाय. ह्या पोकळीला नाकात उघडणारं एक बारीक भोक असतं. ते बुजलं असावं. आतली हवा हळूहळू शोषली गेली आणि भिंती आत ओढल्या गेल्या. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कुणाला कळत नाही."

"ह्या रोगाला काय म्हणतात?"

"माझ्या पुस्तकात नाही हा."

"मग तुम्हाला कसं माहीत?"

"असं एक मी पूर्वी पाहिलंय. बाई होती. तेव्हा मला कळलं नव्हतं."

"त्यांचं काय झालं?"

त्यांनी दिवा बंद केला. "चल, सर्जनसाहेबांकडे जाऊ," म्हणाले.

सर्जनसाहेबांनी दोन्ही फिल्म बघितल्या. त्यांना राग आला नाही, पण पटलंही नाही. "आँख का फ़र्श अपने आप नहीं गिरता," म्हणाले. दोघे डॉक्टर इंग्रजीत बोलत राहिले, मी एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिले. शेवटी सर्जनसाहेब मला म्हणाले, गाठ असती तर हे सगळं काही महिन्यांत झालं असतं. एक्सरेवाले डॉक्टर म्हणतात तसं असेल तर वर्षं लागली असतील. तीन-चार वर्षांपूर्वीचा फोटो आणा, बिना पगडी का. तेव्हाच डोळा थोडा खाली असेल तर मी विचार करीन.

बिना पगडी! आमच्या घरात फोटो काय कमी होते? दरवर्षीचा खात्याचा ग्रुप फोटो होता, लग्नाचा होता, माझ्या मावशीच्या मंगळागौरीला आलेल्या पुरुषांचासुद्धा होता. सगळ्यांत बाबांच्या डोक्यावर पगडी, उजव्या डोळ्यावर सावली. मी भिंतीवरचे फोटो उतरवले, मागचे खिळे उचकटले, अल्बमची पानं फाडली. उघड्या डोक्याने फोटो काढणं म्हणजे सुतकातला माणूस. आमच्यातला कोण काढून घेईल? मंगळवारची संध्याकाळ झाली. मी जमिनीवर फोटोंच्या ढिगात बसून भोकाड पसरलं. एका पगडीपायी माझ्या बापाचा डोळा जाणार होता.

आई दारात उभी होती. ती आत गेली, ट्रंक उघडल्याचा आवाज आला. परत येऊन तिने माझ्या मांडीवर एक छोटासा फोटो टाकला.

मध्यभारत झाल्यावर चार वर्षांनी नोकरीच्या नव्या पुस्तकासाठी सगळ्यांचे फोटो मागवले होते, उघड्या डोक्याचे. टोपी बाजारातल्या एका फोटोवाल्याकडे बाबा तेव्हा गेले होते आणि परत येऊन दोन दिवस कुणाशी बोलले नव्हते. उरलेल्या प्रती त्यांनी आईला चुलीत घालायला सांगितल्या होत्या.

"एक ठेवली," आई म्हणाली. "सबंध चेहरा कुठल्याच फोटोत नव्हता त्यांचा. मला हवा होता."

चार वर्षांपूर्वीचा फोटो. बाबा कॅमेऱ्याकडे चोरासारखे बघत होते. मी पट्टी घेतली आणि दोन्ही बुबुळांखाली धरली. उजवं खाली होतं. अगदी थोडं, खसखशीच्या दाण्याएवढं, पण खाली होतं. चार वर्षं आम्ही त्यांच्याबरोबर जेवलो होतो.

सर्जनसाहेबांनी भिंग लावून फोटो बघितला. मग त्यांनी मधला मार्ग काढला, आणि तो मार्ग मला आधीच्या निकालाहून भयंकर वाटला. ओठ वर करून, दातांच्या वरून, हाडाला एक छोटी खिडकी पाडणार. आत नुसता चिकट स्राव असला तर साफ करायचा, नाकात वाट करून द्यायची, संपलं. पण गाठ दिसली तर पुन्हा शिवायचं नाही. त्याच बैठकीत जबडा आणि डोळा. संमतीचा कागद तोच राहणार. "एक घंटे में बाहर आ गये तो समझना ठीक है," ते म्हणाले. "ज़्यादा लगे, तो..."

बाबांनी ऐकलं आणि मान डोलावली. बुधवारी रात्री त्यांनी मला जवळ बसवून भोपाळच्या साहेबांना अर्ज सांगितला, हजर व्हायला आठ दिवस उशीर होईल म्हणून. "कारण काय लिहू?" मी विचारलं. "प्रकृतीअस्वास्थ्य," ते म्हणाले. मग म्हणाले, "आठ नको. पंधरा लिही."

गुरुवारी सकाळी दहा वाजता त्यांना आत नेलं. व्हरांड्यात भिंतीवर घड्याळ होतं. मी त्याच्यासमोरच्या बाकावर बसले, आई माझ्याशेजारी, घड्याळाकडे पाठ करून. साडेदहा झाले. पावणेअकरा. आत कुठेतरी भांडी वाजत होती. अकराला पाच कमी असताना मी उठून दाराशी गेले. आता उघडेल, आता. अकरा वाजले. घड्याळ पुढे असेल, मी स्वतःला सांगितलं. झाडणाऱ्या बाईला वेळ विचारली. तिने घड्याळाकडेच बोट दाखवलं.

"किती झाले?" आईने विचारलं.

"व्हायचेत अजून," मी खोटं बोलले.

सव्वाअकरा. साडेअकरा. मी देवाला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. पावणेबारा वाजता माझ्या मनाने हिशेब करायला सुरुवात केली. एका डोळ्याने कारकुनी करता येते. बोललेलं कळलं नाही तर लिहून दाखवतील, अक्षर सुंदर आहे. पोळी दुधात कुस्करून देऊ. हे सगळं मी ठरवत होते आणि मला माझीच किळस येत होती. आईने पुन्हा विचारलं नाही. तिला कळलं होतं.

बारा वाजून दहा मिनिटांनी दार उघडलं आणि स्ट्रेचर बाहेर आलं. सर्जनसाहेब बरोबर नव्हते. बाबांचा उजवा अर्धा चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत पट्ट्यांत गुंडाळलेला होता. पट्टीखाली उंचवटा होता, पण कापसाचा की कशाचा, कसं कळणार? मी नर्सला विचारलं, "आँख है? सिस्टर, आँख है?" ती म्हणाली, "आज शुरू ही देर से हुआ, डॉक्टर साहब बताएँगे, हटिए," आणि स्ट्रेचर वॉर्डात नेलं. डॉक्टरसाहेब दुसरं ऑपरेशन करत होते.

वॉर्डात आई खाटेकडे पाठ करून स्टुलावर बसली. "तू बघ," म्हणाली. "तू बघ आणि मला सांग. मला बघवणार नाही." तिने पदराचं टोक तोंडात धरलं होतं. मी बघत बसले. बाबांच्या नाकपुडीत बोळा होता, ओठ सुजून जाड झालेला. श्वास तोंडाने चालला होता, घरघरत. त्या पट्टीला हात लावायचं धाडस मला होईना. उचलली आणि खाली काहीच नसलं तर? मी हात पुढे करायची आणि मागे घ्यायची.

बराच वेळ गेला. मग त्यांची बोटं हलली. हात वर आला, चाचपडत पट्टीपाशी गेला. "बाबा, नको, हात नका लावू," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी सांगितलेलं ऐकलं नाही. पट्टीची वरची कड अंगठ्याने वर सारली. खाली सगळं काळंनिळं, फुगलेलं, आणि त्या सुजेत एक बारीक चीर. दुसऱ्या हाताने त्यांनी डावा, चांगला डोळा झाकून घेतला. तसेच माझ्याकडे वळून थांबले.

ती चीर किंचित उघडली. आत ओलसर काहीतरी हललं.

"रडू नकोस," ते बोबडं, जाड आवाजात म्हणाले. मग त्यांचं तोंड आईच्या पाठीकडे वळलं. "तिला म्हणावं, वळ. दिसतेय ती मला."